पार्ल्यातल्या त्या खोलीत पंखाचा एक तुकडा होता

मुंबईत ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, म्हटलं की लोक पॅराग्लायडिंग समजतात आणि कामशेतचा विषय काढतात. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर पुणेकरांना तरी माहीत असतं. त्यामुळे जुन्या, लाकडी, कापड चढवलेल्या ग्लायडरांच्या वेडापायी एकत्र येणारी माणसं विलेपार्ल्यात आहेत असं कळल्यावर मी लगेच फोन लावला. माझ्या मामांचं लॉगबुक माझ्याकडे होतं. एनसीसीत असताना ते हडपसरला ग्लायडिंग शिकले होते, आणि त्या नोंदींचा अर्थ सांगणारं घरात कुणी नव्हतं. मामा स्वतः या विषयावर फारसे बोलत नाहीत.

फोनवरचे गृहस्थ मोकळे होते. कधी उडालेलं असण्याची अट नाही, म्हणाले. नव्या माणसानं येताना या विषयाची एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं, एवढंच. खरेदी-विक्रीची बोलणी तिथे चालत नाहीत. आणि शेवटी, "नखं कापून या." का ते तिथे गेल्यावर कळलं. जाणार असाल तर एक सांगते: हे जमतात रविवारी, आणि मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो. डोंबिवलीहून निघायचं तर हाताशी भरपूर वेळ ठेवा.

तळमजल्यावरची खोली, मधे लांब टेबल, आणि टेबलावर जुन्या चादरीवर ठेवलेला पंखाचा तुकडा. मोडीत निघालेल्या एका ट्रेनिंग ग्लायडरचा, साधारण हातभर लांबीचा. पुढच्या कडेला प्लायवूडचं वळवलेलं कवच, त्यामागे स्पार, म्हणजे पंखाचा लांब मुख्य कणा, आणि मागे काटक्यांनी जोडलेल्या नाजूक रिब्ज, म्हणजे पंखाच्या आडव्या फासळ्या. कापड एका बाजूला फाटलेलं, म्हणून आतलं सगळं दिसत होतं. डोप नावाचं रोगण लावून ताणलेलं ते कापड इतक्या वर्षांनी ठिसूळ झालं होतं. नख लागलं तरी चिरतं. फोटोंमध्ये मी असे पंख खूप पाहिले होते, पण एवढ्याशा लाकडाच्या भरवशावर दोन माणसं हवेत जातात हे समोर पाहिल्यावर पटायला वेळ लागला.

ज्यांना तिथे सगळे नुसतं 'सर' म्हणतात त्या निवृत्त प्रशिक्षकांनी माझ्या हातात एक रुपयाचं नाणं दिलं. "वाजवून बघ. कडेकडेनं जा." प्लायवूडवर नाणं हलकेच आपटत गेलं की चांगल्या जोडावर आवाज खणखणीत येतो. एका रिबजवळ तो एकदम बसका झाला. तिथे प्लाय आतून सुटलेलं होतं. वरून काहीच दिसत नव्हतं. जुन्या ग्लायडरांत केसीनचा सरस वापरत, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. कोरड्या हवेत तो वर्षानुवर्षं धरून राहतो, पण ओल लागली की बुरशी त्याला खाते. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात अशा पंखाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. चांगले पंख नुसत्या ओलीपायी वाया जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण छप्पर आणि थोडी हवा एवढ्यावर ते टिकतात.

मग स्कार्फ जॉइंट. फाटलेल्या प्लायला ठिगळ लावायचं तर दोन्ही कडा उतरत्या घासून एकमेकींवर बसवायच्या, उतार एकास बारा. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या प्लायला निदान बारा मिलिमीटरचा उतार. लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून मी घासत बसले. मजा अशी की उतार बरोबर पडतोय का हे प्लायच सांगतं. त्याचे थर एकेक करून उघडे पडतात आणि फिकट-गडद पट्टे दिसतात. पट्टे सरळ आणि सारख्या रुंदीचे, तर हात बरोबर. पट्टा नागमोडी झाला की तिथे दाब कमी-जास्त पडला. शेजारचे काका काही न बोलता माझं कोपर थोडं वर उचलत होते. दुपारचा निम्मा वेळ यात गेला आणि मला तो सगळ्यात आवडला.

चहाच्या वेळी गप्पा रंगल्या. मधूनमधून डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारं विमान जायचं आणि बोलणारा थांबायचा. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आणली, म्हणून तिथली तरुण मुलं वासरकुप्पेच्या डोंगरावर बिनइंजिनाची विमानं घेऊन गेली. 1920 साली तिथे पहिली स्पर्धा झाली. 1931 सालचं ग्रुनाऊ बेबी पुढे हजारांनी बांधलं गेलं. 1940च्या ऑलिंपिकमध्ये ग्लायडिंग यायचं होतं, सगळ्यांनी एकाच बनावटीच्या ग्लायडरवर उडायचं असं ठरून हान्स जेकब्सचं माइझे निवडलंही गेलं, आणि युद्धामुळे ते ऑलिंपिकच झालं नाही. युरोपात ही जुनी ग्लायडर अजून उडतात. ब्रिटनमध्ये 1973 साली त्यांच्यासाठी व्हिंटेज ग्लायडर क्लब सुरू झाला आणि दर वर्षी त्यांचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरतो. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक खात्यानं स्वतःची ग्लायडर बनवली होती: अश्विनी, रोहिणी, भरणी, कार्तिक, आर्द्रा. त्यांतलं रोहिणी 1961 साली पहिल्यांदा उडालं, शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसतील असं. हे आपल्या शाळकरी मुलांना कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

माझी पाळी आली तेव्हा मी लॉगबुक उघडलं. प्रत्येक नोंदीत विंचनं, म्हणजे जमिनीवरच्या यंत्रानं केबल ओढून, केलेला लाँच आणि मिनिटं: पाच, सहा, पाच, सात. मला वाटायचं, एवढंच? सर म्हणाले, विंचच्या केबलनं ग्लायडर काहीशे मीटर वर जातं, केबल सोडायची, सर्किट, म्हणजे मैदानाभोवती एक फेरी, करायचं आणि उतरायचं. शिकाऊ माणसाला एवढाच वेळ मिळतो. त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. एप्रिल, दुपार, रोहिणी, एकट्यानं, 52 मिनिटं.

"याला थर्मल सापडलं होतं," सर म्हणाले. थर्मल म्हणजे वर चढणारी गरम हवा, घारी घिरट्या घालतात ती. "फोन लाव मामाला."

मी स्पीकर लावला. सरांनी स्वतःची ओळख दिली आणि सरळ विचारलं, "घार दिसली होती का?" पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग मामा म्हणाले, "दोन होत्या. डाव्या हाताला. त्यांच्या खाली शिरलो आणि समोरच्या यंत्रांच्या सुया वर गेल्या." पुढे दोघं हवेच्या झटक्याबद्दल, वळण किती घट्ट ठेवायचं याबद्दल, खाली उतरल्यावर मिळालेल्या बोलण्यांबद्दल असे बोलत राहिले की मी, त्यांची सख्खी भाची, हे सगळं पहिल्यांदा ऐकत होते. चहा गार झाला. कुणी मधे बोललं नाही.

लॉगबुकची पानं त्यांनी तिथेच स्कॅन करून घेतली. पुढच्या बैठकीला मामा येतो म्हणालेत. गुडघ्यांमुळे त्यांना लोकलचे जिने झेपत नाहीत, म्हणून डोंबिवलीहून गाडी करायची ठरली आहे. माझा स्कार्फ जॉइंट अजून चिकटवायचा आहे. सरस लावताना तो धरायला मामांचे हात लागतील.