रामा

परवा दुपारी आजोळच्या फाट्यावर चहासाठी थांबलो असताना टपरीशेजारच्या मैलाच्या दगडाकडे लक्ष गेले. किलोमीटर येऊन इतकी वर्षे झाली तरी तो मैलाचाच दगड. त्याचे डोके आता पिवळे आहे. पण एका कडेचा पोपडा निघून खालचा हिरवा रंग उघडा पडला होता. रस्ता राज्याचा होता, तो राष्ट्रीय झाला. सरकारी भाषेत त्याची दर्जोन्नती झाली.

लहानपणी एस.टी.च्या खिडकीशी बसून मी पाट्या मोठ्याने वाचत असे. सार्वजनिक बांधकाम विभाग राज्यमार्गाला थोडक्यात ‘रामा’ लिहितो. मी ‘रामा’ म्हटले की शेजारी बसलेली, अक्षरओळख नसलेली आजी हात जोडायची. पुढे फाटा फुटून प्रमुख जिल्हा मार्गाचा ‘प्रजिमा’ आला की तिचे हात पुन्हा पिशवीवर. त्याखालचे इजिमा, म्हणजे इतर जिल्हा मार्ग, आणि ग्रामा, म्हणजे ग्रामीण मार्ग, जिल्हा परिषदेकडे असतात. आजीचे घर अशाच एका ग्रामा-वर होते.

रस्त्यांची ही उतरंड बरीचशी 1943 साली नागपुरात जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी घातलेली आहे, पण तिच्यातली खरी गंमत क्रमांकांत आहे. राज्यमार्गांची मालिका राज्यभर एकच, तर प्रजिमांचे क्रमांक प्रत्येक जिल्ह्यात नव्याने सुरू होतात, त्यामुळे शिवेपलीकडे त्याच क्रमांकाचा दुसराच रस्ता भेटतो. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक तर 2010 साली सरसकट बदलले आणि मुंबई-गोव्याचा सतरा सहासष्ट झाला. मला अजून सतराच आठवतो, आणि तो विसरण्याची माझी इच्छाही नाही. कोल्हापूरकरांना ही अडचण नाही; पुणे-बंगळूर महामार्ग चार क्रमांकाचा होता तेव्हाही ते त्याला पी.बी. रोड म्हणत होते, आता अठ्ठेचाळीसलाही म्हणतात.

राष्ट्रीय झालेल्या अशा कित्येक रस्त्यांची देखभाल पुढेही राज्याच्याच बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा करते. म्हणजे आमच्या दगडावर हिरवा आणि पिवळा, दोन्ही हात एकाच खात्याने दिले असण्याचा संभव आहे. या विचाराने उगाच बरे वाटले. सुटत आलेला पोपडा मी नखाने आणखी थोडा काढला. आजी असती तर तिने हातावर चापट मारली असती.

पैसे देताना टपरीवाल्याला विचारले, ‘‘आता नंबर काय आहे हो?’’

‘‘कुणाचा?’’ तो म्हणाला, आणि खिशातून मोबाइल काढू लागला.