२१८ की १३८

एका घराच्या भिंतीवर पुराचं पाणी किती उंच चढलं होतं, त्याचा आकडा बदललाय हे मला आधी दिसलंच नाही. दिसलं आठवी ब मधल्या एका पोराला, तेही शीटमध्ये, म्हणजे मापांच्या ऑनलाइन तक्त्यात नाही, नकाशात. संगणक कक्षात आम्ही शीट नव्यानं नकाशात ओतली होती. (गुगलच्या माय मॅप्समध्ये शीट एकदा ओतली की नंतर शीटमध्ये केलेले बदल नकाशात आपोआप येत नाहीत, पुन्हा ओतावी लागते. हे कळेपर्यंत आम्ही शिळ्याच नकाशावर भांडत होतो.) दीडशे सेंटिमीटरच्या वर लाल खूण, खाली पिवळी, असं ठरलेलं. नाल्याकडच्या गल्लीत ओळीनं सगळ्या लाल खुणा आणि मधोमध एक पिवळी.

"बाई, पाणी काय ह्यांच्या दारात आल्यावर खाली बसलं काय?"

वर्ग हसला. घर जिचं, ती दुसऱ्या बाकावर होती. ती हसली नाही.

आमचा प्रकल्प पुराच्या खुणांचा. कोल्हापुरात पावसाळ्यात शेंबडं पोरही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पण बंधाऱ्यावरचे अमुक फूट म्हणजे आमच्या पायरीला किती, हे कोण सांगणार? आणि शाहूपुरीच्या बाजूला पंचगंगा काही समोरून चालत येत नाही. जयंती नाल्यातून फुगवटा मागं सरकतो आणि पाणी परसदारातून घरात शिरतं. एका पोरीच्या आजीचा प्रश्न होता, "बंधाऱ्याचं ऱ्हाऊ दे, माझ्या फळीवरचे डबे कधी उतरवू ते सांगा." प्रकल्प तिथून सुरू झाला. मुलांनी टेप घेऊन घरोघरी भिंतीवरच्या खुणा मोजायच्या, मोबाइलवरून फॉर्म भरायचा, फोटो काढायचा आणि शेवटी नकाशा करायचा.

बाहेरच्यांना वाटेल, शाळांत प्रकल्प तर होतातच. होतात की. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, आठ तंत्रांत 'प्रकल्प' २०१० पासून आहे. म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात 'पूर', 'भूकंप', 'भारतीय सण' असे चित्रांचे तक्ते मिळतात, ते कापून फाइलीत चिकटवायचे आणि वर जिलेटीन लावायचं. किलपॅट्रिकनं १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला, हे आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं गेलं. मुलं करून शिकतात, हे तज्ज्ञ आम्हाला पीपीटीवर तासन् तास दाखवत होते आणि आम्ही कुणीही जागचं हललो नव्हतो.

आता आमची खरी लढाई कशाशी झाली ते सांगते, कारण डिजिटल साधनं म्हटलं की लोकांना टॅबलेट धरून हसणारी मुलं आठवतात. पहिली लढाई फूट-इंचांशी. फॉर्ममध्ये उंची लिहायला मी एकच रिकामी जागा ठेवली होती. कुणी 'साडेसहा' लिहिलं, कुणी 'डोक्याच्या वर'. सहा फूट सहा इंचांचं कुणी ६.६ केलं आणि सहा फूट अकरा इंचांचं ६.११. शीटला चढत्या क्रमानं लावायला सांगितलं तर ६.११ आधी आणि ६.६ नंतर. पाच इंचांनी उंच असलेलं पाणी बुटकं ठरलं! दशांश चिन्हाच्या पुढं काय असतं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवतेय, पण त्या तासाला वर्गाला ते जसं लागलं तसं आधी कधीच लागलं नव्हतं. मग सगळं सेंटिमीटरमध्ये करायचं ठरलं, १९८ आणि २११. टेपची दुसरी बाजू कशाला असते, हे त्या दिवशी बऱ्याच जणांना कळलं.

दुसरी लढाई जागेशी. मुलांनी फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकले. व्हॉट्सअॅप फोटोतली जागेची माहिती काढून टाकतं, त्यामुळे नुसत्या भिंती जमल्या. कुणाची भिंत कुठली, देव जाणे. मग मोबाइलच्या जीपीएसवर खुणा लावल्या, तर अरुंद बोळात त्या वाटेल तिथं सरकायच्या. एका घराची खूण थेट नाल्यात पडली. शेवटी उपग्रहाचं चित्र मोठं करून, आपापलं छप्पर ओळखून, बोटानं खूण लावायची पद्धत मुलांनीच काढली. मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात हुशारीचं काम ते.

तर ती पिवळी खूण. शीटमध्ये त्या चौकटीवर राइट क्लिक केलं की आधी काय होतं, कुणी आणि कधी बदललं, हे दिसतं. आधी २१८ होतं, आता १३८. वेळ रात्री बाराच्या जरा आधीची. नाव तिच्या वडिलांचं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, शिक्षक सोडून ती कुणाच्या डोक्यात येत नाही. आमच्या निम्म्याहून जास्त मुलांचा मोबाइल म्हणजे वडिलांचा मोबाइल, आणि खातंही वडिलांचंच. पोरीनं केलेली प्रत्येक नोंद त्यांच्याच नावावर पडते. २१८ सुद्धा त्यांच्याच नावावर होतं. त्यामुळे इतिहास सगळा समोर होता आणि हात कुणाचा ते कळत नव्हतं. मधल्या सुट्टीत ती आपणहून आली. "बाई, मी न्हाई बदललो." एवढंच म्हणाली. मी पुढं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडीलच शाळेत आले. माणूस सरळ. चढ्या आवाजात बोलले नाहीत, खुर्चीवरही अर्धवटच टेकले.

"बाई, तुम्ही पोरांस्नी चुकीचं शिकवताय असं मी म्हणत न्हाई. पण खालचा गाळा भाड्यानं द्यायचाय. आधीच ती लाल रेषा, निळी रेषा. त्यात आता तुमचा नकाशा. उद्या गिऱ्हाइकानं मोबाइलवर बघितलं, तर कोण घेणार?"

ही भीती खोटी नाही. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. पाटबंधारेवाल्यांच्या नकाशात घर कुठल्या रंगात गेलं यावर बांधकामाची परवानगी ठरते आणि किमतीही हलतात. आमच्या मुलांनी नेमका लाल रंगच निवडलेला.

मी म्हटलं, "ते खरं. पण आकडा तर खोटा झाला ना?"

"खोटा कसा? पुरानंतर आम्ही जोतं वर घेतलंय. अडीच फुटाला वर भरलंय, जास्तच. नव्या फरशीवर उभं राहून मोजा की, तेवढंच भरतंय."

त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. जिन्याखालच्या भिंतीला नवा रंग लावलेला नव्हता. मातकट रेघ तशीच, तिला टेप लावलेली, खाली नवी फरशी. १३८. फोटोतला टेप धरलेला हात लहान होता की मोठा, हे मी पाहिलं नाही. पाहायचं टाळलं म्हणा हवं तर.

ते गेल्यावर स्टाफरूममध्ये आमचे शिपाईमामा म्हणाले, "पंचनाम्याच्या टायमाला त्याच गल्लीत पाणी पंख्याला लागलेलं, बाई." सगळे हसले. मलाही हसू आलं, पण ते पुरतं न्याय्य नव्हतं. अनुदानासाठी चार बोटं वर सांगणारा माणूस आणि भाडेकरूसाठी तीन बोटं खाली सांगणारा माणूस एकच असेल, पण दोन्ही वेळा घर त्याचंच बुडालेलं असतं.

हा पेच मी वर्गात नेला. नाव न घेता नेला असं म्हणायची सोय नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. पहिला आवाज आला, "बाई, २१८ परत टाका, विषय संपला." फॉर्ममध्ये 'रस्त्यापासून उंची' असं स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे नियमानं तेच बरोबर. मग मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, रस्ता तरी कुठं तोच राहिलाय? त्यांच्या गल्लीत पुरानंतर जुन्या रस्त्यावरच काँक्रीट ओतलंय. म्हणजे आपण आज जे मोजतोय ते पूर आला त्या दिवशीच्या रस्त्यापासून नाहीच. मी खडू खाली ठेवला. शेजारच्या घरांचे आकडे २१४ आणि २२१ होते. ते एकमेकांशी जुळत होते म्हणून आम्ही खरे मानले, पण सगळेच सारखे सरकले असतील तर?

तो तास संपला तेव्हा घंटा कुणी ऐकली नाही. मुलांनी ठरवलं ते असं. २१८ परत टाकायचं. शेजारी 'जोत्याची उंची' असा नवा रकाना करायचा, तो प्रत्येक घराला लागू, म्हणजे एकट्या पोरीच्या घराकडे बोट जाणार नाही. तिसरा रकाना 'पुरानंतर रस्ता वाढला का' असा. आणि खूण घरावर न लावता गल्लीच्या तोंडाशी लावायची.

शेवटचं माझ्या मनाला अजून पटलेलं नाही. त्या आजीला तिच्या फळीचा आकडा हवा होता, गल्लीच्या तोंडाचा नव्हे. खुणा सरकवल्या की वडिलांचा गाळा वाचतो आणि आजीच्या डब्यांचा प्रश्न तसाच राहतो. मुलांनी मतदान घेतलं, खुणा सरकल्या. सध्या घरनिहाय आकडे फक्त शीटमध्ये आहेत, आणि शीट कुणाला दाखवायची हे माझ्यावर सोडलंय, ज्याची मला बिलकूल हौस नाही.

हेडसरांचं म्हणणं, पुढच्या वेळी मुलांना शीट फक्त बघायला द्या, बदलायला नको, म्हणजे ही कटकटच नको. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे, दोन क्लिकचं काम. पण मग साडेसहाचे १९८ कोण करणार, मी एकटी? तशी शीट म्हणजे पुन्हा जिलेटीन लावलेली फाइलच की. एका सहकाऱ्यांनी त्याहून सोपा उपाय सुचवला, विषय असा निवडा की कुणाचा बाप शाळेत येणार नाही. 'भारतीय सण' आहेच.

जोत्यांची मापं अजून निम्मीच झालीत. गवंडीकाम करणाऱ्या एका पालकांनी पारदर्शक नळी दिलीय. तिच्यात पाणी भरून एका टोकाची पातळी दुसऱ्या टोकाला कशी न्यायची, हे त्यांनी मुलांना रस्त्यावरच दाखवलं. मोबाइलच्या कुठल्याही अॅपपेक्षा ती बरोबर सांगते. नळीचं एक टोक सध्या दुसऱ्या बाकावरच्या पोरीकडे आहे. प्रकल्पाचे गुण भरायची तारीख जवळ आलीय, आणि तिच्या नावापुढची चौकट मी अजून भरलेली नाही.