कंपवाताच्या गोळ्या, बीपी आणि ‘डी’ची कॅप्सूल

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) गोळ्यांनी हृदय खराब होतं का, असं नातेवाईक हमखास विचारतात. या भीतीला कारण आहे. परगोलाइड आणि कॅबरगोलिन या जुन्या औषधांनी हृदयाच्या झडपा जाड आणि ताठ होत, नीट मिटत नसत आणि रक्त मागे गळे. २००७ साली अमेरिकेत परगोलाइड बाजारातून काढून घेतलं गेलं. कंपवातासाठी कुणी अजून कॅबरगोलिन घेत असेल, तर ठरावीक काळाने इको (हृदयाची सोनोग्राफी) करायलाच हवा. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही कंपवाताची औषधं या गटातली नाहीत, झडपांना त्यांच्यापासून हा धोका नाही.

रोजचा धोका वेगळा आहे. उभं राहिल्यावर बीपी पडतं. कंपवातात हृदयाला जाणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा स्वतःच झिजतात, त्यात लेव्होडोपा (कंपवाताचं मुख्य औषध), प्रामिपेक्सोल, रासाजिलिन, कंपवाताची ही औषधं सगळीच बीपी आणखी उतरवतात. दवाखान्यात खुर्चीत बसवून मोजलेलं बीपी ठीक येतं आणि खरा दोष सुटून जातो. म्हणून घरी असं मोजा: ५ मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर बीपी पडतंय. सकाळी गोळीआधी, गोळीनंतर तासाभराने आणि जेवणानंतर, अशा तिन्ही वेळा मोजा आणि वहीत लिहा. चक्कर येतेच असं नाही. उभं राहिलं की मान आणि खांदे दुखतात, आडवं झालं की थांबतात, ही खूण बरेचदा मणक्याच्या खाती जमा होते.

पहिला उपाय म्हणजे जुन्या गोळ्या तपासणं. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेली बीपीची गोळी, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, लघवी वाढवणारी गोळी, यातली कुठली कमी करता येईल ते डॉक्टरांना विचारा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू ६ ते ९ इंच वर घ्या. नुसत्या जास्त उशांनी ते साधत नाही. उठण्याआधी दोन मोठे ग्लास पाणी भरभर प्यायल्याने बीपी तासभर सावरतं, पण हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर आधी विचारूनच. बीपी चढवणारी मिडोड्रिन दिली असेल तर शेवटची गोळी झोपण्याच्या निदान ४ तास आधी, कारण आडवं झाल्यावर तिने बीपी फार चढतं.

आता डॉम्पेरिडोन. लेव्होडोपाने मळमळतं म्हणून ते दिलं जातं, आणि निवड बरोबरच आहे, कारण मळमळीचं दुसरं औषध, मेटोक्लोप्रमाइड, त्याने कंपवात वाढतो. पण डॉम्पेरिडोन ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबवतं, त्यातून हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. साठीनंतर आणि दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर हा धोका वाढतो. पित्तासाठी पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलची ‘डी’ लावलेली कॅप्सूल मिळते, त्या ‘डी’त बहुधा ३० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन असतं. सकाळी ती आणि वर १० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, म्हणजे ६० मिलिग्रॅम झाले, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) आलं की डॉम्पेरिडोन शरीरात साठतं.

मळमळ मुळातच का राहते, तेही बघा. लेव्होडोपाचं डोपामिन (कंपवातात मेंदूत कमी पडणारं रसायन) पोटात आणि रक्तातच होऊन मळमळू नये म्हणून सोबत कार्बिडोपा असतं, दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागतं. आपल्याकडच्या लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या ‘११०’च्या गोळीत ते फक्त १० असतं, ‘१२५’च्या गोळीत २५. तीन वेळा ‘११०’ घेतली तर ३०च मिळतं. अशा वेळी लेव्होडोपा तेवढंच ठेवून ‘१२५’वर जाता येईल का, हे विचारा, अनेकदा डॉम्पेरिडोनची गरजच उरत नाही.

प्रामिपेक्सोल किंवा अमँटाडिनने पायांवर सूज येते. ती लगेच हृदयाची समजू नका, पण दम लागत असेल तर तपासणी टाळू नका. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन (हेही कंपवाताचंच औषध) चालू असताना मेडिकलमधून सर्दीची गोळी, खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं औषध किंवा दुखण्यासाठी ट्रामाडॉल स्वतःच्या मनाने घेऊ नका.

खाजकुइलीचं चूर्ण घेत असाल तर तेही सांगा. त्या बियांत लेव्होडोपाच असतं, गोळ्यांवर ते वाढीव पडलं की बीपी आणखी उतरतं. आणि बीपी पडतंय म्हणून लेव्होडोपा अचानक बंद करू नका. त्याने अंग ताठ होऊन तीव्र ताप चढतो आणि रुग्ण आयसीयूत जाऊ शकतो.