पोळ्याच्या करीला, सॅन्डल घालून चिखलदऱ्याकडे

पावसाळ्यात विदर्भातल्या पांधणीनं धावायचं म्हणजे खरी गाठ काळ्या मातीशी. पाणी प्यायली की ही माती फुगते, बुटाच्या तळाला धरते आणि पन्नास पावलांत एकेक पाय उचलणं जड होतं. गेल्या वर्षी परतवाड्याजवळ जाळीच्या रनिंग बुटांत मी हे भोगलंय. नाल्यात बुटात पाणी शिरलं, मोजे भिजले, बारीक गाळ आत बसला तो बसलाच. घरी बूट काढले तेव्हा तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले, आणि टाचेवर रुपयाएवढा फोड. ओल, ऊब आणि घर्षण एकत्र आलं की फोड येणारच. ओल्या बुटात तिन्ही कोंडून राहतात.

म्हणून स्पोर्ट सॅन्डल घेतल्या. एक पट्टा बोटांवर, एक घोट्यापुढे, एक टाचेमागे. तळ खोल खाचांचा. माझ्या जोडीचा तळ टाचेखाली आणि बोटांखाली सारखाच जाड आहे. टाचेखाली जास्त जाड तळ असलेल्या बुटाची सवय झालेल्या पोटऱ्यांना ते पहिल्यांदा झेपत नाही, त्यामुळे सुरुवातीचे दोन महिने आठवड्यातून दोनदा, दोन-दोन किलोमीटरच धावलो. यात घाई कुणी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

यंदा पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, पहाटेच चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या गावातून निघालो. दारादारांत पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, उभे होते, गोठ्यांतल्या बैलांच्या शिंगांवर कालचा रंग तसाच होता. गाव संपलं की पांधण. एका हाताला संत्र्याची बाग, दुसऱ्या हाताला कपाशीत तुरीच्या ओळी.

चिखल सॅन्डललाही लागतोच. तळाला पोळीएवढा थर झाला की थांबायचं, धुऱ्यावरची पऱ्हाटीची काडी घ्यायची आणि खरवडायचं. पण पुढे नाला आला तेव्हा फरक कळला. घोटाभर पाण्यात सरळ उतरलो, पाय दोनदा इकडून तिकडे हलवला, बोटांमधला गाळ निघून गेला. पलीकडे चढलो आणि पुढच्या दहा मिनिटांत पाय कोरडे. एक मात्र खरं, चिखल भरला की वेल्क्रो धरत नाही. बकलचा पट्टाच घ्यावा. आणि ओल्या तळपट्टीवर पाऊल पुढे सरकतं, म्हणून नाला ओलांडला की घोट्याजवळचा पट्टा एक खूण आवळायचा, नाहीतर उतारावर बोटं बाहेर येऊन ठेच ठरलेली.

धुऱ्यावर एक म्हातारे काकाजी बसले होते. माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "काहून बाप्पा, बूट नाई भेटले काय?"

"भेटले, काकाजी. पण चिखलात हेच बरे वाटतात."

त्यांनी स्वतःचा पाय वर केला. टायरचा तळ, जाड कातडी पट्टे. "मंग हे पाह्य. तीन पावसाळे झाले. बाभळीचा काटा आरपार नाई येत."

मला मेक्सिकोचे रारामुरी आठवले. खोल दऱ्यांत राहणारी ही माणसं टायरच्या तुकड्याला कातडी वादी बांधून मैलोन् मैल पळतात. १९९३ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेडव्हिलची १०० मैलांची डोंगरी शर्यत जिंकली ती त्यांच्यातल्याच ५५ वर्षांच्या व्हिक्टोरियानो चुरो यांनी, अशाच चपला घालून. आज दुकानात मिळणारी पट्ट्यांची सॅन्डल मात्र नदीवरून आली. ग्रँड कॅन्यनमध्ये नावाड्यांचं काम करणाऱ्या मार्क थॅचर यांनी १९८४ मध्ये ‘टेवा’ काढली, पाण्यात पायातून निसटू नये म्हणून. काकाजींच्या पायात ही दोन्ही कामं एकाच चपलेनं कधीपासून चालवली होती.

मेळघाटात पायवाटेनं शिरायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून घाट डांबरी रस्त्यानं चढलो. त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच. चढावर चाललो, सपाटीला पळालो, मध्येमध्ये पायाखाली आलेला खडा पाय झटकून काढला. एकदा सराटा तळात रुतला. बोटानं ओढून काढला तेव्हा त्याचे काटे रबरात अर्धेच गेले होते. सुमारे १,१०० मीटर उंचीवर चिखलदरा आलं तेव्हा धुकं इतकं दाट होतं की समोरची टपरी चहाच्या वासानं सापडली.

तिथून गाविलगड. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. ओल्या फरसबंदीवर सॅन्डलची पकड चांगली होती, पण शेवाळलेल्या बेसॉल्टवर नाही. तिथं मी हात टेकत गेलो. दरवाजे पार करून आत गेल्यावर गवत कमरेला लागलं आणि मी परत फिरलो. अशा गवतात घोणस दिसत नाही, आणि स्क्रब टायफस हा ताप पसरवणारे बारीक किडेही असतात. २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ आली होती. उघड्या पायांनी तिथं जाणं मला पटत नाही. गवत वाळल्यावर, बूट आणि मोजे घालून, उरलेला किल्ला बघेन.

परतताना एसटीनं परतवाड्याला उतरलो. उजव्या सॅन्डलचा मागचा पट्टा तळाला जोडतो तिथं दोरा उसवला होता. बाजारातल्या मोचीकाकांनी तो अंगठ्यानं ओढून पाहिला, मेणाचा दोरा घेतला आणि आरीनं सात टाके घातले. मग न विचारता डाव्या सॅन्डललाही त्याच जागी सात टाके घातले.

"तो तर चांगला होता, काका."

"एक गेला का दुसरा जाते," ते म्हणाले. "आता कुठं चाल्ले?"

"नरनाळ्याच्या किल्ल्याले," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही सॅन्डल उलट्या करून तळ पुसला, खाचेत अडकलेला एक सराटा आरीच्या टोकानं काढला आणि जोडी माझ्या पायांसमोर ठेवली.