विकून टाकलं आणि विकून बसला

२०१३ साली एका कंपनीचा मेसेज आला. त्यात 'इंटरव्ह्यू' होतं, 'कॉल्ड' होतं आणि त्याला लागून 'ऑफ'. कॉल म्हणजे बोलावणं, एवढं मला पक्कं ठाऊक. लातूरहून रात्रीची एसटी धरली, अंबाजोगाई, बीड, गेवराई करत पहाटे औरंगाबादला उतरलो. गेटवरच्या वॉचमननं मेसेज वाचला आणि हळूच म्हणाला, "दादा, हे रद्द झालंय." भाड्याचे पैसे आईच्या खुरपणीचे होते.

मग वहीत क्रियापदामागं ऑफ, आउट असा छोटा शब्द लागलेल्या इंग्रजी जोड्यांच्या याद्या केल्या. पुट ऑन घालणं, पुट ऑफ पुढं ढकलणं, पुट आउट विझवणं. सकाळी पाठ, संध्याकाळी पाटी कोरी.

एकदा भाकरी थापता थापता आई शेजारच्या भावांबद्दल सांगत होती. "धाकल्यानं म्हातारा बैल विकून टाकला. थोरला मात्र रान विकून बसला." माझा घास हातातच राहिला. विकणं तेच, पण 'टाकला'त सुटका आहे आणि 'बसला'त पस्तावा. 'पाहून घे' म्हटलं की काळजी, 'पाहून घेतो तुला' म्हटलं की भांडण. हे आम्हाला कुणी यादी देऊन शिकवलं नव्हतं. इंग्रजीत हेच काम ऑफ, आउट, अप करतात.

तेव्हापासून जोडीतल्या या शेपटाकडं आधी बघतो. 'ऑफ'मध्ये बहुतेकदा दूर होणं, सुटणं असतं. अंगावर धावलेल्या कुत्र्याला मालकानं हाक मारून मागं घेतलं, तरी ते कॉल ऑफच. ठरलेला इंटरव्ह्यूही तसाच मागं घेतलेला! सगळ्या जोड्या अशा उलगडत नाहीत. 'पुट अप विथ' म्हणजे सोसून घेणं, हे मी सरळ पाठच केलं.

आता संध्याकाळी गल्लीतल्या लेकरांना शिकवतो. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं. पण 'इट' आलं की ते मधेच बसतं, 'पुट इट ऑफ'. 'लुक आफ्टर', म्हणजे सांभाळणं, मात्र फोडायचं नाही. हे नियम लिहून देत नाही, दहादा मोठ्यानं म्हणून घेतो. कान तयार झाला की चुकीचं आपोआप खटकतं.

परवा 'रन आउट ऑफ' होतं. लेकरांच्या डोक्यात क्रिकेटच. मी २०१६ सालचं सांगितलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते, आणि फळ्यावर लिहिलं, 'वी रॅन आउट ऑफ वॉटर'. मागच्या रांगेतली एक पोरगी उभी राहिली.

"सर, म्हणजे पाणी सरून गेलतं!"