सासूबाईंच्या आजोळचा माग: वीबोर्गचं दफ्तर ते मोर्स बेट

डेन्मार्कच्या वायव्येला, लिमफ्योर्डच्या पाण्यात मोर्स नावाचं बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाकडे सायर्स्लेव हे गाव. तिथल्या चर्चच्या आवारात सासूबाई आणि मी तासभर कबरींमधून फिरलो. त्यांच्या आजोबांच्या चार पिढ्या याच मातीत गेल्या, पण एकाचंही नाव दगडावर सापडलं नाही. डेन्मार्कमध्ये कबरीची जागा कायमची नसते. साधारण वीस-पंचवीस वर्षांची मुदत असते, पुढे घरच्यांनी ती वाढवली नाही तर दगड उचलला जातो आणि जागा दुसऱ्याला मिळते. सासूबाईंना हे ठाऊक होतं. तरी प्रत्येक जुन्या दगडापाशी त्या वाकून बघत होत्या.

म्हणून या वाटेनं येणाऱ्यांना आधीच सांगते. डेन्मार्कमधले पूर्वज शोधायला कबरस्तानात जायचंच असेल तर शेवटी जा. ती माणसं कागदावर आहेत, आणि तिथे ती आश्चर्य वाटावं इतकी नीट जपलेली आहेत.

मी आर्हुसला राहते, नवरा इथलाच. डॅनिश भाषेत सासूलासुद्धा नावानं आणि 'तू' म्हणूनच बोलतात, पण मराठीत लिहिताना माझ्या हातून 'त्या'च उमटतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं की आईच्या माहेरचा पत्ता लावायचा. हाताशी दोनच गोष्टी होत्या: आजोबांचं जन्मवर्ष १८८४, आणि 'आम्ही मोर्सचे' हे घरात चालत आलेलं वाक्य. माझ्या माहेरी छापील कुलवृत्तांत आहे, त्यामुळे मला वाटलं होतं की आडनाव धरून मागे मागे जायचं. पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे आडनाव धरलं की माणूस हरवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॅनिश खेड्यांत स्थिर आडनावं जवळजवळ नव्हतीच. नील्सचा मुलगा येन्स हा येन्स नील्सेन, येन्सचा मुलगा पेदर हा पेदर येन्सेन, आणि त्याची बहीण येन्सदात्तर. म्हणजे आपण वडिलांचं नाव मधे लावतो, ते यांनी शेवटी लावलं. १८२८ साली सरकारनं बाप्तिस्म्याच्या वेळीच कायमचं आडनाव द्यायचा हुकूम काढला, १८५६ साली पुन्हा बजावलं, पण खेड्यांनी जुनी रीत सहजी सोडली नाही. त्यात ठरावीक दहा-बारा नावंच फिरून फिरून येतात, त्यामुळे एका गावात एकाच नावाची चार माणसं सहज भेटतात. नाव बदलत राहतं, गाव आणि घर मात्र टिकतं. शोधाचा धागा म्हणून 'सोग्न' पकडा. सोग्न म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावगट, पॅरिश. लिहितात तसा मधला 'ग' उच्चारत नाहीत, 'सौन' असं काहीसं म्हणतात. सोग्न, त्यावर हेरेड (आपल्या तालुक्यासारखा), त्यावर आम्त (जिल्ह्यासारखा), ही उतरंड पाठ करा, कारण सगळी दफ्तरं याच क्रमानं लावलेली आहेत. आमचं गाव सायर्स्लेव, हेरेड मोर्स नॉर्रे, आम्त थिस्टेड.

एक गोष्ट मला फार भावली. लग्नानंतरही या बायकांचं नाव बदलत नाही. पेदरशी लग्न झालेली नील्सदात्तर मरेपर्यंत चर्चच्या वहीत नील्सदात्तरच राहते, त्यामुळे तिच्या माहेरची वाट उघडी असते. आमच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजीचं लग्नाआधीचं नाव शोधायला मला तीन नातेवाइकांना फोन करावे लागले होते.

बहुतेक काम घरी बसून होतं. रिग्सआर्किवेट, म्हणजे डेन्मार्कचं राष्ट्रीय अभिलेखागार, चर्चच्या वह्या आणि शिरगणतीची पानं 'आर्किवालिअर ऑनलाइन' या संकेतस्थळावर फुकट दाखवतं. शिरगणतीचा मोठा भाग स्वयंसेवकांनी टंकलेलाही आहे, तो नावानं शोधता येतो. टंकलेलं सापडलं की मूळ पानाचं चित्र उघडून बघाच. आमच्या एका पूर्वजाचं वय टंकताना दहा वर्षांनी चुकलं होतं.

शिरगणतीची वर्षं जवळ लिहून ठेवा: १७८७, १८०१, १८३४, १८४०, मग १८४५ पासून १८६० पर्यंत दर पाच वर्षांनी, त्यानंतर १८७०, १८८०, १८९०, १९०१, १९०६ आणि पुढे. सगळ्यांत कळीचं वर्ष १८४५, कारण त्या वर्षी पहिल्यांदा प्रत्येकाचं जन्मस्थान विचारलं गेलं. 'हेर ई सोग्नेट' असं लिहिलेलं दिसलं की माणूस इथलाच जन्मलेला. दुसऱ्या सोग्नचं नाव असेल तर पुढचा शोध तिथे. १७८७ आणि १८०१ च्या पानांवर आणखी एक सोय आहे: नवराबायकोचं हे कितवं लग्न, तेही लिहिलेलं असतं. सावत्र मुलांचा गुंता त्यानंच सुटतो. वयावर मात्र विसंबू नका, एकदोन वर्षं इकडेतिकडे होतातच.

शिरगणती म्हणजे एका दिवसाचं चित्र. दोन चित्रांच्या मधलं आयुष्य चर्चच्या वह्यांत आहे. वह्या ठेवायचा हुकूम १६४०च्या दशकातला, पण जुन्या वह्या पाद्र्याच्या मर्जीनं भरलेल्या, त्यात सगळं एकाखाली एक. १८१४च्या सुमारास छापील रकान्यांच्या वह्या आल्या: मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, बाप्तिस्मा, कन्फर्मेशन (वयात येताना चर्चमध्ये श्रद्धा पक्की करायचा विधी), लग्न, मृत्यू, गावात आलेले, गाव सोडून गेलेले. शिवाय प्रत्येक वही दोन प्रतींत, एक पाद्र्याकडे आणि एक गावच्या शिक्षक-कारकुनाकडे. दोन्ही प्रती एका छपराखाली रात्र काढणार नाहीत असा नियम होता. आग लागली तर एक तरी वाचावी, म्हणून. दोनशे वर्षांनी आम्हाला त्याचा थेट उपयोग झाला: एका प्रतीत शाई उतरून गेलेली ओळ दुसरीत लख्ख होती. तेव्हा एक पान वाचता आलं नाही म्हणून थांबू नका, जोडवही उघडा.

कन्फर्मेशनचा रकाना लोक वगळतात, तो वगळू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव, आईबाप, जन्मतारीख, धर्मज्ञान कसं, वागणूक कशी, आणि देवीची लस कधी टोचली, हे सगळं तिथे असतं. १८१० पासून लस टोचल्याशिवाय (किंवा देवी येऊन गेल्याशिवाय) कन्फर्मेशनही नाही आणि लग्नही नाही, असा कायदा होता. बाप्तिस्म्याच्या नोंदीतल्या साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. मावशी, काका, शेजारी तिथेच भेटतात.

आता लिपीबद्दल. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ हे सगळं गॉथिक वळणात लिहिलेलं आहे. पहिले चार दिवस मला एक ओळ लागेना. 'e' आणि 'n' सारखेच दिसतात. अक्षराच्या डोक्यावर छोटी वेलांटी असेल तरच तो 'u'. मला आजोबांच्या पेटीतले मोडी कागद आठवत होते: अक्षर एकेकटं वाचू गेलं की अडतं, शब्दाचं वळण ओळखीचं झालं की सुटतं. (मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला, म्हणजे सेरामपूरला, छापलं गेलं तेव्हा ते गाव डॅनिश अंमलाखाली होतं. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपली जुनी ओळख आहे.") सरावासाठी आधी नोंद काय असणार हे माहीत असलेलं पान घ्या आणि त्यावरून स्वतःचा अक्षरतक्ता बनवा. तारखांत दोन खड्डे आहेत. '७बर' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. ८, ९, १० म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आणि जुन्या वह्यांत तारखेऐवजी 'ट्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार' असं असतं. ट्रिनिटी हा ईस्टरवरून ठरणारा सण, म्हणून त्या वर्षीचा ईस्टर कधी होता ते पाहून तारीख काढावी लागते.

आमची मोठी चूक मात्र सारख्या नावांमुळे झाली. सासूबाईंच्या खापरपणजीच्या नावाच्या दोन बायका एकाच सोग्नमध्ये होत्या, वयात वर्षाचा फरक. आम्ही आठवडाभर दुसरीच्या मागे लागलो आणि तिच्या आईबापांपर्यंत जाऊन पोचलो. कन्फर्मेशनच्या नोंदीतली जन्मतारीख जुळेना तेव्हा डोळे उघडले. तेव्हापासून नियम केला: एका पिढीवरून मागच्या पिढीवर जायचं तर दोन वेगवेगळ्या दफ्तरांची साक्ष हवी.

खरी खापरपणजी १८३१ ची, आणि तिच्या जन्माच्या नोंदीत 'उएग्ते' असा शब्द होता. लग्नाविना झालेली. आई त्याच सोग्नमधल्या एका शेतावर कामाला होती, आणि तिनं बाप म्हणून ज्याचं नाव घेतलं तोही तिथलाच गडी. मुलीच्या नावात त्याचंच नाव आणि 'दात्तर'. त्यानं पुढे गाव सोडल्याची नोंद आहे, पण त्याचं नाव ती जन्मभर वागवत राहिली. सासूबाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आई हे कधीच बोलली नाही. तिला माहीत तरी होतं का?"

यासाठीच आम्ही वीबोर्गला गेलो. आर्हुसहून रेल्वेनं तासाभराहून थोडं अधिक. युटलंड या डेन्मार्कच्या मुख्य द्वीपकल्पाच्या उत्तर भागाचं दफ्तर इथे आहे, इमारत १८९१ची, वास्तुविशारद हाक काम्पमान. जे स्कॅन झालंय ते मूळ स्वरूपात बहुधा देत नाहीत, म्हणून इथे यायचं ते स्कॅन न झालेल्यासाठी. कागद काही दिवस आधी ऑनलाइन मागवून ठेवा, वाचनकक्ष कोणत्या दिवशी उघडा आहे ते निघण्यापूर्वी तपासा, पेन्सिल न्या. आम्ही सोग्नच्या गरीब-मदतीच्या वह्या मागवल्या होत्या. अनाथ किंवा अनौरस मुलं बऱ्याचदा त्यात सापडतात. दिवसभर पानं उलटली, तिचं नाव कुठेच नाही. मी निराश झाले होते. सासूबाई मात्र म्हणाल्या, "म्हणजे तिला कुणीतरी घरात ठेवलं होतं."

ते कुणीतरी १८३४ च्या शिरगणतीत सापडलं. ही शिरगणती १८ फेब्रुवारीची, ऐन थंडीतली. एका छोट्या घरात म्हातारा, म्हातारी आणि तीन वर्षांची मुलगी. नात्याच्या जागी लिहिलंय, 'मुलीची मुलगी'. तीच वही चार पानं पुढे उलटली तर दुसऱ्या शेतावर नोकरांच्या यादीत तिची आई. म्हातारा 'हुसमान' होता, म्हणजे घर आणि जेमतेम भाजीपाल्यापुरती जमीन असलेला. घरात सांगितलं जाणारं 'आपलं मोठं शेत' आम्हाला कुठल्याच वर्षी दिसलं नाही. नोंदीत हुसमान, गोरमान (पूर्ण शेताचा धनी), आणि 'आफ्तेग्त' हे शब्द नीट ओळखा. आफ्तेग्त म्हणजे शेत पुढच्या पिढीला देताना म्हाताऱ्यांनी करून घेतलेला करार: इतकं धान्य, इतकं सरपण, राहायला खोली. असे करार सापडले तर जरूर वाचा, त्यात स्वयंपाकघर दिसतं.

मग मोर्स. वीबोर्गहून गाडीनं साधारण तासभर, सालिंगसुंदचा पूल ओलांडून. बेटाच्या उत्तरेकडे बस कमी, तेव्हा गाडी हवीच. चर्च दिवसा सहसा उघडी असतात, पण जुन्या वह्यांसाठी तिथल्या पाद्र्यांना त्रास देऊ नका, त्या केव्हाच अभिलेखागारात गेल्या आहेत. बेटावरच्या न्यूक्योबिंग गावात ड्युहोल्म या जुन्या मठात संग्रहालय आहे, अर्धा दिवस राखून ठेवा. सर्वांत उपयोगी पडले ते एकोणिसाव्या शतकातले १:२०,००० प्रमाणाचे नकाशे. तेही ऑनलाइन आहेत आणि आजच्या नकाशाशेजारी ठेवून बघता येतात. त्यावरून दोन्ही जागा सापडल्या. आईचं शेत अजून शेतच आहे. म्हाताऱ्यांच्या घराच्या जागी आता बार्लीचं पीक, बांधावर दोन वाकलेली झाडं.

मे महिना होता, तरी वारा अंगावर येत होता. सासूबाईंनी गाडी शेताच्या फाट्यावरच ठेवायला सांगितली. गुडघ्याचा पट्टा घट्ट केला आणि एका जागेहून दुसऱ्या जागेकडे चालायला लागल्या. मधे मधे थांबत, माझा हात धरत, आम्हाला पस्तीस मिनिटं लागली.

"रविवारी येत असेल ती," त्या म्हणाल्या. "एवढं अंतर कुणीही येईल."