उसने लाडके

आमच्या घरी डॉ. काशिनाथ घाणेकर दर रविवारी जेवणानंतर यायचे. स्वयंपाकघराच्या दारातून. आधी पडदा जरासा हलायचा, मग एक पाय दिसायचा, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग लुंगी नेसलेले, तोंडात बडीशेप घोळवणारे बाबा एकदम समोर. केसांवरून हात फिरवून ते आमच्याकडे असं काही बघायचे की मी आणि दादा टाळ्या पिटायचो. टाळ्या थांबेपर्यंत ते तोंड उघडत नसत. "घाणेकर थांबायचे," असं ते नंतर समजावून सांगत. "एन्ट्रीला टाळ्या, शिट्ट्या. बाल्कनी थिएटर डोक्यावर घ्यायची नुसती." आतून आई म्हणायची, "पुरे आता. ताटं तशीच पडलीत."

हा 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या. वसंत कानेटकरांचं हे नाटक १९६६चं. बाबा तेव्हा वीस वर्षांचे, मुंबईत नवे नोकरीला लागलेले, तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहणारे. पगारातून खानावळीचे पैसे आधी काढून ठेवायचे आणि उरलेल्यातून नाटकाची तिकिटं, असा त्यांचा हिशेब होता. कपडे या हिशेबात कुठे बसत होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत सगळ्या नटांची नावं संपली की शेवटी यायचं, 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर'. त्या 'आणि'वर बाबांचा फार जीव. घरी पाहुणे आले की ओळख करून देताना "हा मोठा, ही धाकटी, आणि..." असं म्हणून ते थांबत आणि मग आईचं नाव घेत. पाहुण्यांना वाटायचं, यांना बायकोचं नाव आठवत नाही.

एकटे घाणेकर आणून भागत नसे. त्याच नाटकातले सज्जन प्राध्यापक विद्यानंद म्हणजे प्रभाकर पणशीकर, तेही बाबांनाच करावे लागत, आणि पणशीकर आले की लखोबा लोखंडे यायचाच. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये पणशीकर पाच सोंगं घेत आणि वेळ वाचावा म्हणून त्या नाटकाला फिरता रंगमंच वापरला होता. आमच्याकडे रंगमंच फिरणं शक्य नसल्यामुळे बाबा स्वतःच गिरकी घेत. टॉवेल एकच. तो डोक्याला बांधला की एक माणूस, खांद्यावर टाकला की दुसरा. पाचव्या माणसापर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही, कारण चौथ्या गिरकीला त्यांना भोवळ यायची.

यातलं एकही नाटक मी त्या नटांच्या तोंडून पाहिलेलं नाही. तरी लाल्या कसा चालतो, पाठमोरा उभा राहून मान कशी वळवतो, कुठल्या वाक्याला आवाज खाली आणतो, हे मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं. मार्च १९८६ मध्ये घाणेकर गेले, अमरावतीला, नाटकाच्या दौऱ्यावर असताना. मी शाळेत होते. पुढच्या रविवारी जेवण झालं, पडदा हलला नाही. बाबा पेपर वाचत बसून राहिले, आणि आईनेही ताटांचा विषय काढला नाही. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी मला तेव्हा रडू आलं होतं. ते रडूही बहुधा बाबांचंच असावं.

असे माझे बरेच लाडके उसने आहेत. शेजारून वाटीभर साखर आणावी तसे ते कुणाकुणाकडून आणलेले. फरक इतकाच की साखर नंतर परत करतात.

आजीकडून मी गीतरामायण आणलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, आकाशवाणीचं पुणे केंद्र. तिथून पुढे वर्षभर दर आठवड्याला ग. दि. माडगूळकरांचं एक नवं गीत, सुधीर फडक्यांची चाल. गाणी छप्पन्न झाली, कारण त्या वर्षी अधिक महिना आला, आणि आजीच्या मते हा रामाचाच आग्रह होता. त्यांच्या आळीत रेडिओ एकाच घरी. तिथे गाण्याच्या वेळी बायका हात धुऊन, पदर सावरून बसत. एक म्हातारी तर रेडिओला हळदकुंकू लावायची. डबा बिघडेल म्हणून घरमालकाने शेवटी त्यावर भरतकामाचा रुमाल घातला, तर ती रुमालाला लावू लागली. मी ऐकलेलं गीतरामायण मात्र फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं. मी ते मोठ्या भक्तीने लावलं की आजी दोन-तीन गाणी ऐकायची आणि म्हणायची, "छान आहे. पण बाकीचे सगळे कुठे गेले?" मला तिच्या वयाची काळजी वाटायची. पुष्कळ वर्षांनी कळलं की मूळ कार्यक्रमात वेगवेगळ्या गायकांनी गाणी म्हटली होती, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. आजीचं रामायण भरल्या घराचं होतं. माझ्याकडे आलं ते एकाच माणसाने सगळ्यांच्या वतीने सांगितलेलं.

पु. ल. देशपांड्यांबद्दल वेगळं काही लिहिण्याची हिंमत मला नाही. मराठी माणसाने पु. लं.वर लेख लिहिला नाही तर त्याला रेशनकार्ड मिळत नाही, अशी परिस्थिती एकेकाळी होती. पण कॅसेटमधल्या एका माणसाबद्दल सांगते. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तक म्हणून आली आणि १९६१पासून पु. ल. ती एकट्याने रंगमंचावर सादर करू लागले. मला ती मिळाली दादाच्या टेपरेकॉर्डरमधून. कॅसेट इतकी वाजलेली की एका जागी फीत ताणली जाऊन पु. लं.चा आवाज खोल विहिरीतून यायचा. त्या ध्वनिमुद्रणात प्रेक्षक हसतात, आणि त्यात एक गृहस्थ आहेत जे सगळ्यांच्या नंतर हसतात. सगळं सभागृह हसून थांबतं, पु. ल. पुढचं वाक्य घेणार, तेवढ्यात यांचं एकट्याचं "हॅ हॅ" फुटतं. उशिरा समजतंय की आधीचं हसू आवरत नाहीये, कोण जाणे. तो विनोद मला आता वाचून हसवत नाही, पाठच आहे. पण मनातल्या मनात म्हणताना त्या वाक्यानंतर मी त्यांच्यासाठी थांबते. पुस्तकात ते नाहीत, म्हणून मला पुस्तक किंचित अपुरं वाटतं.

माझे मामा या बाबतीत सगळ्यांत बेभरवशाचे. त्यांचे लाडके म्हणजे शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार. हे तिघे गावोगाव जाऊन कथा सांगत. हातात कागद नाही, नेपथ्य नाही, समोर माइक आणि तांब्याभांडं. मामांनी त्यांना कुठल्याशा गणेशोत्सवात ऐकलं आणि तेव्हापासून ते स्वतःच कथाकथनकार झाले. सुट्टीत अंगणात गाद्या पडल्या की मिरासदारांचा 'भुताचा जन्म' व्हायचा. मामा ती गोष्ट अशी सांगत की शेवटाला आम्ही सगळी भावंडं एकाच पांघरुणात असायचो. कॉलेजात गेल्यावर मी ती कथा पुस्तकात वाचली आणि वाचनालयाच्या बाकावर बसून चकित झाले. मामांची निम्मी वाक्यं त्यात नव्हतीच! एक अख्खं पात्र नव्हतं. मिरासदारांची कथा आटोपशीर, नेमकी, हसता हसता कधी संपते ते कळू नये अशी आहे, आणि माझं साहित्याचं जे काही शिक्षण झालं त्यानुसार तीच श्रेष्ठ आहे. भीती मात्र मला अजून मामांच्या पात्राचीच वाटते.

शंकर पाटलांचा धागा पुढे आत्याकडे जातो. त्यांनी लिहिलेल्या 'एक गाव बारा भानगडी'तून, १९६८ साली, निळू फुले पडद्यावर आले, आणि आमच्या आत्याने त्या माणसाशी जन्माचं वैर धरलं. ते पडद्यावर दिसले की ती पदर अंगाभोवती घट्ट घेई. मी तिला सांगून पाहिलं, अगं, तो माणूस पुण्यात माळीकाम करत होता, त्या तुटपुंज्या पगारातून राष्ट्र सेवा दलाला पैसे द्यायचा. आत्या म्हणाली, "ते ढोंग." मग एकदा टीव्हीवर 'सिंहासन' लागला. त्यात निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. मुख्यमंत्र्यापासून तस्करापर्यंत सगळं बघणारा, ऐकणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आत्या संपूर्ण सिनेमाभर पदर घट्ट धरून बसली. आता हा काहीतरी करणार, आता करणार. त्याने कुणाचं काहीच वाईट केलं नाही, उलट शेवटी त्याचीच काय अवस्था होते ते पाहून ती उठली आणि म्हणाली, "बघ, किती पोचलेला आहे." इतकी मनापासून दाद मी कुठल्या समीक्षकाकडून वाचलेली नाही.

मात्र या उसनवारीचा कळस आजोबांनी केला. त्यांचे लाडके बालगंधर्व आणि केशवराव भोसले. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमान'चं वर्णन आजोबा करू लागले की समोरच्याच्या हातातला चहा निवायचा. बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. एकाची तान संपते न संपते तोच दुसऱ्याची जागा, शालूची सळसळ, पहिल्या रांगेपर्यंत येणारा अत्तराचा वास. वासापाशी आले की आजोबा डोळे मिटून श्वास आत घेत. मला ते अत्तर माहीत होतं. चाळिशीत पोचल्यावर एका लेखात त्या प्रयोगाची तारीख वाचली: ८ जुलै १९२१. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. आणि आजोबांचा जन्म १९२२चा.

मी आधी कागदावर वजाबाकी केली. मग बाबांना फोन केला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचे आजोबा गेले होते म्हणतात त्या प्रयोगाला." म्हणजे ते अत्तर तीन पिढ्यांचं होतं, आणि मूळ बाटली कुणाकडे होती ते आता विचारायला कुणी नाही. आजोबांना खोटं बोलायचं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी इतक्या वेळा ऐकलं असेल की हळूहळू ते प्रेक्षकांत जाऊन बसले असतील. त्यांच्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीचा आवाजसुद्धा मला माहीत आहे. करकरायची.

तेव्हापासून मला मूळ माणसं बघायची जरा धास्तीच बसली. पण एकदा धीर करून फोनवर घाणेकरांचा 'पाठलाग' लावला. राजा परांजप्यांचा १९६४चा सिनेमा, त्यावरूनच पुढे हिंदीत 'मेरा साया' निघाला. घाणेकर दिसले. देखणे, संथ, बोलके डोळे. उत्तम काम केलंय. पण हे ते नव्हतेच! पडदा हलला नाही, पाय आधी आला नाही, टाळ्यांसाठी कुणी थांबलं नाही. मी बाबांकडे तक्रार केली तर ते चिडले. "सिनेमात कशाला बघायचं त्यांना? तिथं टाळ्यांसाठी थांबता येतं का?" त्यांचं बरोबर होतं. मी माशाला बरणीत बघून पोहणं कसं असतं त्याचा निकाल देत होते.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला 'अशी ही बनवाबनवी' पाठ आहे. संपूर्ण सिनेमा तिने सलग पाहिलाय का, याची मला शंका आहे. मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी तो तिच्यात शिरला. लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून कसे बसतात, घरमालक झालेले सुधीर जोशी चष्म्यातून कसे बघतात, सगळं ती करून दाखवते. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, १९८८चा हा सिनेमा. एकदा मी तिला सांगितलं की ही वाक्यं वसंत सबनीसांची, ज्यांनी दादा कोंडक्यांसाठी 'विच्छा माझी पुरी करा' आणि 'सोंगाड्या' लिहिले. आणि त्यात सुधाचं सोंग घेणारा आणि सिनेमाही दिग्दर्शित करणारा सचिन, त्याला बालनट म्हणून १९६३ साली राजा परांजप्यांनीच पडद्यावर आणलं, त्याच 'पाठलाग'वाल्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, हे परीक्षेला आहे का?"

गेल्या दिवाळीत सगळे जमलो होतो. जेवणानंतर मुलीने घरमालक करून दाखवला, सगळे हसले, आणि दादा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही." बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. नको नको म्हणाले, मग उठले. काठी माझ्याकडे दिली, लुंगी सारखी केली आणि आत गेले. पडदा हलला. एक पाय दिसला. मी आणि दादाने टाळ्या वाजवल्या, पन्नाशीला टेकलेल्या दोन माणसांनी, आणि बाबा टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग तोंड उघडलं आणि वाक्य आठवेना. केसांवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. कुणी हसेना. तेवढ्यात आतून, ताटं आवरता आवरता, आईने ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हटलं. लाल्याच्या आवाजात, खालच्या पट्टीत, जिथे थांबायचं तिथे थांबून.

बाबांनी पडदा बाजूला करून आत बघितलं. मग तेच वाक्य त्यांनी पुन्हा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी तुळशीला पाणी घालत होते. "लाल्या म्हणून आहे एक. काय एन्ट्री आहे त्याची, तुला सांगते! आधी नुसता पाय दिसतो. लोक शिट्ट्या मारतात, बाल्कनी नुसती डोक्यावर घेतात..." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही गं, रील नाही," ती म्हणाली. "मी स्वतः पाहिलंय."